बाबा, तुमचा ठराव आम्ही बदलला

सोलापूर
रविवार, 14 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडे देता, आणि हे मला आधी तुम्हालाच सांगायचं आहे. आज भक्तीनंतर मंडळीच्या कमिटीची मीटिंग झाली आणि 1992 चा ठराव रद्द झाला. तुमचा, वेषभूषा आणि मुखवटे बंद करणारा. रद्द करा म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होते. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच कळवते.

विषय काढला तरुण संघाने. त्यांना यंदा नाताळचं नाटक ड्रेपरी आणून, व्यवस्थित करायचं आहे. इतकी वर्षं आपण काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. हेरोद राजा इस्त्रीच्या पँट-शर्टात, देवदूत शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. मेंढपाळांनी तेवढी पळवाट काढली होती, अंगावर सोलापुरी चादर. चादर म्हणजे वेष नव्हे, थंडी वाजते म्हणून घेतली! मागच्या वर्षी एका मेंढपाळाच्या चादरीला दुकानाचं लेबल तसंच होतं. गब्रिएल बोलत होता आणि पुढच्या बाकावरची पोरं लेबलावरची किंमत वाचत होती.

मीटिंगमध्ये पहिला विरोध अपेक्षित होता तिथूनच आला. "मिशनरींच्या काळापासून आपल्यात हे चालत नाही." नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. नवे पाळकसाहेब वयाने लहान आहेत, पण वाचन दांडगं. ते शांतपणे म्हणाले, मिशनरींचंच काढायचं तर मुळापासून काढू. आपलं अमेरिकन मराठी मिशन ज्या मिशनरी बोर्डाचं, ते 1810 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालं, आणि त्याचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले. काँग्रिगेशनल मंडळीचे. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली त्यांच्याच पंथाच्या पूर्वजांनी कायदा केला होता की नाताळ पाळताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड. शास्त्रात नाताळ पाळायला सांगितलेलं नाही, म्हणून! 1681 मध्ये तो कायदा मागे घेतला. "तेव्हा मिशनरींच्या मुळाशीच जायचं असेल तर मुखवटेच काय, करंज्यासुद्धा बंद कराव्या लागतील." महिला मंडळाच्या बाकावरून हसू आलं, आणि मीटिंग तिथे थोडी सैल झाली.

मग बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचं वचन 22:5 निघालं. पुरुषाने स्त्रीचं वस्त्र घालू नये, वगैरे. त्यावर पाळकसाहेबांनी सांगितलेली गोष्ट मला नवीन होती. सन 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरली होती. तिच्या बासष्टाव्या नियमात विनोदी, शोकांत, सगळ्याच तऱ्हेचे मुखवटे आणि स्त्री-पुरुषांनी एकमेकांचे कपडे घालणं बंद केलं होतं. पाळकाने मोडला तर पद गेलं, साध्या माणसाने मोडला तर तो मंडळीबाहेर. पण त्याच नियमात कारणही आहे. लोक जुन्या देवांच्या सणांत तसे नाचत होते, द्राक्षं तुडवताना डायोनिससच्या नावाने ओरडत होते. म्हणजे राग कापडावर नव्हता. पुढे 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी उभी केली, आणि तीही पोपची परवानगी घेऊन.

पण माणसं इतिहासाने हलत नाहीत. खरी हलली ती एका आजींच्या बोलण्याने. त्या म्हणाल्या, "अहो, नोव्हेंबर 2020 ला देऊळ उघडलं तेव्हा दारावर काय पाटी होती? मास्क नाही तर प्रवेश नाही. तेव्हा कुणी ठराव काढला नाही." खरंच बाबा, ती पाटी तुमच्या ठरावाच्या चौकटीवरच चिकटवली होती. चिकटपट्टीचे डाग अजून काचेवर आहेत.

एवढं झाल्यावर सेक्रेटरींनी जुनं प्रोसिडिंग बुक उघडलं. 12 जानेवारी 1992. तुमचं अक्षर, जांभळट पडलेली शाई. "मंडळीच्या कोणत्याही कार्यक्रमात वेषभूषा व मुखवटे वापरू नयेत. सर्वानुमते मंजूर." बस. ना अनुवाद, ना मिशनरी, ना शोभा-अशोभा. कारणाची जागा कोरी आहे. तेहतीस वर्षं ज्याने त्याने आपापलं कारण त्या कोऱ्या जागेत भरलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तुमची मुलगी मी. आणि मग मी सांगितलं. बाबा, मला माफ करा, तुम्हाला न विचारता सांगितलं.

1991 चा नाताळ. मी आठ वर्षांची, मेंढपाळ. आईने गादीवाल्याकडून आणलेल्या कापसाची दाढी डिंकाने चिकटवली होती. डिंक वाळला की हनुवटी ओढल्यासारखी व्हायची आणि कापूस नाकात जायचा. माझ्या शेजारी मेंढरू झालेला मुलगा होता. त्याच्या तोंडावर पुठ्ठ्याचा मुखवटा, डोळ्यांना चवलीएवढी भोकं. त्याच्या हातात मेणबत्ती, कारण शेवटच्या गीताला सगळ्यांच्या हातात मेणबत्ती असायची. गीत सुरू झालं तसा तो माझ्याकडे वळला. त्याला बिचाऱ्याला दिसलंच नाही. फस्स असा आवाज आणि जळक्या केसांचा वास, एवढंच मला आठवतं. त्यानंतर तुमचा तळहात, थाड थाड माझ्या तोंडावर. मला वाटलं, मी काहीतरी चुकले म्हणून बाबा मारताहेत. माझ्या हनुवटीखालचा डाग बारीक आहे, पावडरीने झाकतो. तुमच्या उजव्या तळहाताची कातडी अजून ताणलेली आहे, आणि प्रभुभोजनाची भाकर घेताना तुम्ही डावा हात पुढे करता तो का, हे मंडळीत फार थोड्यांना माहीत होतं.

तुम्ही कारण का लिहिलं नाही, हे मला आज चाळिशी उलटल्यावर कळलं. कारण लिहिलं असतं तर त्या मुलाचं नाव त्यात आलं असतं.

माझं बोलून झालं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. मग मागच्या रांगेतून तो उठला. आता कॉयरमध्ये बास गातो, टक्कल पडलंय. म्हणाला, "मेणबत्ती माझ्या हातात होती. काकांनी घरी येऊन माझ्या वडिलांना सांगितलं होतं, पोराला ओरडू नका. तेवढंच बोलून गेले." आणि खाली बसला. आई, हे तुला तरी माहीत होतं का गं? मला नव्हतं.

नवा ठराव अर्धं पान झाला आहे. तोंड पूर्ण झाकेल असं काही घालायचं नाही, चेहरा दिसलाच पाहिजे. लहान मुलांना दाढी चिकटवायची नाही, काजळाने काढायची. वेष घातलेल्या कुणाच्याही हातात पेटती वस्तू नको, सेलवरच्या मेणबत्त्या चालतील (तुम्हाला त्या आवडत नाहीत, मलाही नाहीत, निळसर उजेड पडतो). वेषभूषा हॉलमधल्या कार्यक्रमापुरती, उपासनेत आणि वेदीपाशी नाही. शिवाय कोणत्याही समाजाची टिंगल होईल असा पोशाख नको. मागे एकदा नाटकातल्या धर्मशाळेच्या मालकाला तेलुगू हेल काढून बोलायला लावलं होतं आणि पद्मशाली कुटुंबातल्या एका बाईंना ते लागलं होतं, ते कुणीतरी लक्षात ठेवलं होतं. मुलींनी मेंढपाळ व्हायला हरकत नाही, यावर मत घ्यावं लागलं. दोन मतांनी निभावलं! मेंढरांच्या मुखवट्यांसाठी मी थोडं भांडले, हरले. आता डोक्याला पट्टा आणि त्याला कान. ठीक आहे, भोकांतून बघण्यापेक्षा बरं.

म्हणजे बघा बाबा, तुमच्या एका ओळीत जे होतं तेच आम्ही अर्ध्या पानात लिहिलं. पण एक ओळ जास्त लिहून घेतली, मीच हट्टाने. "1991 च्या नाताळात एका मुलीला भाजल्यामुळे पूर्वीचा ठराव झाला होता." मुलाचा उल्लेख नाही. तुम्ही ठेवला नव्हता, आम्हीही ठेवला नाही. राग आला असेल तर फोन करून रागवा, पण यावेळी फोन आईकडे देऊ नका.

आता आई, तुझ्याशी. बाबांनी ठराव केला तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का? आठ वर्षं ड्रेपरी तूच शिवत होतीस. आज दुपारी माळ्यावरची हिरवी ट्रंक उतरवली. परवानगी आधी घ्यायला हवी होती, आता मागते. वर डांबराच्या गोळ्यांचे कागद, खाली तीन झगे. धोतराचा देवदूत पिवळा पडलाय, पण शिवण एक टाकासुद्धा उसवलेली नाही. मरियेचा निळा पदर कसरीने खाल्ला. हेरोदाचा कोट म्हणजे बाबांच्या लग्नातल्या सुटाचं अस्तर, हे मला पहिल्यांदाच कळलं, आतल्या खिशावर टेलरचं नाव आहे. आणि बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी लोकांचे चार मुकुट! तीन का नाहीत म्हणून पोरांनी विचारलं. मी म्हटलं, मत्तयाच्या शुभवर्तमानात आकडा कुठे दिलाय?

मुकुटांची जर शाबूत आहे, पण आतला पुठ्ठा भुसभुशीत झालाय आणि हात लावला की गळतो. तू तेव्हा नुसता पुठ्ठा घातला होतास की कापडाला खळ लावून वाळवलं होतंस? मागच्या गल्लीतल्या मागवाल्यांकडून खळ आणल्याचं मला अंधुक आठवतंय. आठवून सांग. पोरं शनिवारी दुपारी तीनला येणार आहेत, तोवर दोन तरी उभे राहायला हवेत.

गुडघ्याचे व्यायाम बाबांकडून करून घे. दादा-वहिनींना सलाम, पिलूला पापा. शेंगाचटणी हुतात्मा एक्सप्रेसने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते.

तुमची,
रूथ