आयपॉड घेऊन लेहला जायचंय ना, मग हे वाच

प्रिय सुध्या,

जुना आयपॉड क्लासिक, म्हणजे ॲपलचा तो गाणी वाजवायचा डबा, रॉयल एनफील्डच्या हिमालयन मोटरसायकलवर बसवून लेहला न्यायचाय हे तुझं ऐकून आधी हसूच आलं, मग वाटलं की नाही, आयडिया तशी वाईट नाहीये. फोनवर हे सगळं सांगत बसलो असतो तर वहिनींनी तुझा फोन काढून घेतला असता, म्हणून लिहितोय, निवांत वाच.

मोबाईल हँडलवर लावायचा नाही हे तू ठरवलंस ते एकदम बरोबर. आपली हिमालयन ४११ म्हणजे सिंगल सिलिंडर, हायवेला जरा पिळली की हँडल आणि फूटपेग दोन्ही झिणझिणतात. २०२१ मध्ये ॲपलनेच जाहीर सांगितलंय की फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याच्या आत जी बारीकशी यंत्रणा असते ना, ती मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथरीनं हळूहळू खराब होऊ शकते. आणि ऑनलाइन गाणी ऐकू म्हणशील तर विसर, आपलं इकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि ते असलं तरी मनाली-लेह रस्त्याला तासन् तास रेंज नसते. म्हणजे गाणी जवळच असायला हवीत, तिथपर्यंत तुझं माझं एकमत.

खरी मेख पुढे आहे. क्लासिकच्या पोटात फिरणारी हार्ड डिस्क असते, १.८ इंची. तिचं हेड, म्हणजे तबकडी वाचणारं टोक, तबकडीला टेकत नाही, हवेच्या एकदम पातळ थरावर तरंगत असतं, मग वर गेल्यावर हवाच विरळ झाली की तो थर कमी पडतो आणि हेड घासायची भीती. म्हणूनच ॲपलनं आयपॉडला ३००० मीटरची मर्यादा दिलेली होती. आता लेह गावच मुळात ३५०० च्या आसपास, आणि वाटेतली तांगलांग ला खिंड ५३०० ला टेकते. म्हणजे गाडी राहू दे बाजूला, तू तिथे गेस्ट हाऊसच्या पलंगावर पडून गाणी ऐकलीस तरी मर्यादेच्या बाहेरच! वर मनाली-लेह वाटेवरच्या पांगच्या रस्त्याचे धक्के आहेतच.

तर डिस्क काढून टाकायची आणि तिच्या जागी एसडी कार्ड घेणारा अडॅप्टर बसवायचा. मिळतात असे, लोक हौसेनं जुने आयपॉड असेच जिवंत ठेवतात. फक्त उघडताना जीव मुठीत धरून काम कर, पाठ स्टीलची असते, कडेच्या क्लिपा फार कडक, पत्रा एकदा वाकला की परत सपाट बसत नाही. आणि सुटली म्हणून पाठ फट्कन ओढू नकोस, बॅटरीची आणि हेडफोन जॅकची रिबन तिलाच चिकटलेली असते, तुटली तर सगळं मुसळ केरात. हात थरथरत असेल तर सरळ पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन एखाद्या कारागिराला गाठ, त्यात कमीपणा नाही. नंतर कॉम्प्युटरला लावून रिस्टोअर मारायचं आणि गाणी परत भरायची. कार्डाला ना धक्क्याचं काही ना उंचीचं, बॅटरीही जास्त पुरते. थंडीत मात्र कुठलीही लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, तेव्हा रात्री आयपॉड स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप.

करंट. बॅटरीवरून थेट वायर ओढू नकोस, किल्ली बंद केली तरी चार्जिंगचा कन्व्हर्टर थोडं थोडं पीतच राहतो. बॅटरीच्या प्लसपाशीच, अगदी वीतभराच्या आत, फ्यूज, मग रिले, म्हणजे करंटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, आणि रिलेला इशारा पार्किंग लाइटच्या वायरवरून, म्हणजे इग्निशन ऑन तेव्हाच चालू. पुढे बारा व्होल्टचा पाच करणारा कन्व्हर्टर, तो जरा बरा घे, चालू गाडीत व्होल्टेज चौदाच्या पुढे जातं आणि भंगार माल तिथेच जळतो. लोड म्हणशील तर काहीच नाही रे, आयपॉड चार्जिंगला फार तर अडीच-तीन वॅट खातो, हेडलाइटचा बल्बच ५५-६० चा आहे. वायर टाकीखालून नेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, कुठे ताणली जात नाही ना. प्लेअर टँक बॅगमध्ये, स्पंजात गुंडाळून. हँडलवर शो करायची गरज नाही.

आवाजाचं सांगतो. हेल्मेटच्या कानाच्या खळग्यात पातळ स्पीकर बसवायचे आणि साधी वायर. मध्ये एक छोटी एक्स्टेंशन ठेव, म्हणजे वायर विसरून तू गाडीवरून उतरलास तरी पिन तिथल्या तिथे सुटेल, जॅक उपटून येणार नाही. चार्जिंग चालू असताना इंजिनाबरोबर वरखाली होणारी शिट्टी ऐकू आली तर तो कन्व्हर्टरचा कचरा ऑडिओत शिरतोय, मग सरळ चहाला थांबशील तेव्हाच चार्ज कर. आणि हातमोज्यात ते चाक फिरत नाही बरं का, त्याला उघड्या बोटाचा स्पर्श लागतो, पुढचं-मागचं गाणं मात्र दाबून बदलता येतं. व्हॉल्यूम निघण्याआधीच ठरव.

आणि तो कमी ठरव. शंभरच्या स्पीडला हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९५ डेसिबलच्या आसपास जातो, आणि तज्ज्ञांचा हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला फक्त एक तास! वाऱ्यावर मात करायला तू गाणं अजून वर नेणार आणि संध्याकाळी कान सुंई करणार. त्यापेक्षा फोमचे इअरप्लग घाल आणि त्यावरून स्पीकर ऐक, विचित्र वाटेल पण वारा कापला जातो आणि गाणं हळू आवाजातही स्पष्ट येतं, ट्रकचा हॉर्नही कळतो. गावातून आणि घाटातून जाताना बंदच ठेव, वळणावर पुढून येणाऱ्याचा अंदाज कानानंच येतो.

अजून एक, गाणी निवडून भर. तुझे ते विलंबित ख्याल घरीच ठेव, तानपुरा आणि आलाप वाऱ्यात पार वाहून जातात, कान ताणून ताणून डोकं दुखतं. गाडीवर पखवाज-टाळ असलेले अभंग मस्त चालतात, जुनी लावणी चालते, गप्पांची रेकॉर्डिंग तर सगळ्यात भारी. आणि प्लीज, गाणी वाजवायला क्रॅश गार्डवर लावतात त्या स्पीकरच्या भोंग्यांचा विचारही करू नकोस. ताम्हिणीत पावसाळ्यात एकेक जण ते लावून येतात, धबधब्याचा आवाज ऐकायला थांबलेल्या माणसांना शिव्या द्यायचीही सोय उरत नाही.

अडॅप्टर मागवलास की कळव, शनिवारी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर घेऊन येतो. रिले आणि फ्यूज होल्डर माझ्याकडे पडलेत, ते विकत घेऊ नकोस. हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की वायरच्या जोडावर आवळून बसणारी नळी, तेवढं आण, काळी टेप चालणार नाही, उन्हात तिचा चिकटा होतो.

तुझा,
नंद्या