हडळीला काना नाही, मात्रा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील आमच्या गृहसंकुलात दर रविवारी सकाळी मुलांसाठी मराठी वाचनाचा तास होतो. या मुलांकरिता गेल्या पावसाळ्यात मी भुताखेतांच्या काही छोट्या गोष्टी मोठ्या अक्षरांत हाताने लिहून काढल्या आणि त्यांच्या वह्या एका शाळेलाही भेट दिल्या. मुलांच्या मनात भीती आणि अंधश्रद्धा रुजेल, असे कारण देऊन शाळेने त्या परत पाठवल्या. आक्षेप घेणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु नुकत्याच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलापासून भुताची गोष्ट दूर ठेवून आपण काय गमावतो, हे ३० वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवलेल्या शिक्षिकेच्या नात्याने मांडावेसे वाटते.

मराठी वाचनाची सुरुवात काना, मात्रा, वेलांटी नसलेल्या शब्दांनी होते. घर, नळ, बदक, मगर हे शब्द मुले आठवडाभरात वाचू लागतात आणि पुढच्या आठवड्यात त्यांना कंटाळतातही, कारण त्या शब्दांत काही घडत नाही. मात्र आपल्या भाषेत भीतीचे आवाजही याच साध्या अक्षरांनी बनलेले आहेत: सळसळ, खडखड, करकर, टपटप. ‘घर गप. नळ टपटप. मग वर खडखड.’ एवढ्या तीन ओळींत एकही काना नाही, तरीही पुढे काय, हे कळल्याशिवाय मूल वही खाली ठेवत नाही. आणि ‘हडळ’ या शब्दाला तर काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही.

आमच्याकडे येणारी तिसरीतली एक मुलगी ओळीखाली बोट ठेवून वाचते आणि ओळ संपली की ‘पुढची वाचू?’ असे विचारून थांबते. त्या रविवारी बाहेर पाऊस कोसळत होता. ती ‘ह’, ‘ड’, ‘ळ’ अशी तीन अक्षरे सुटी वाचून गेली, मग मागे येऊन तिने ती जोडली आणि शब्द उमगताच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. पुढचे पान मात्र तिने कोणाला न विचारता स्वतःच उलटले. अक्षरांमागे अर्थ दडलेला असतो आणि तो आपला आपल्याला शोधता येतो, हे तिला त्या क्षणी कळले. मी वर्षभर समजावूनही जे साधले नसते, ते त्या एका शब्दाने साधले.

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण इंग्रजी माध्यमातील कित्येक मुलांचे मराठी वाचन आठव्या-नवव्या वर्षी कुठे सुरू होते, आणि त्या वयाच्या मुलाच्या हाती बालवाडीतले बदक दिले, तर तो त्याला अपमान वाटतो. शब्द पहिलीचे आणि उत्कंठा चौथीची, असा मेळ भुताच्या गोष्टीइतका सहज दुसऱ्या कोणत्या गोष्टीत बसत असेल, असे मला वाटत नाही.

राहिला प्रश्न अंधश्रद्धेचा. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्याने २०१३ साली केला आणि त्याचा मला अभिमान आहे. तो कायदा आहे फसवणुकीविरुद्ध, अंगात भूत आहे असे सांगून माणसाला छळणाऱ्यांविरुद्ध; गोष्टीतले भूत असा कोणताही दावा करत नाही. मुलांना खरी इजा होते ती ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’ या धाकाने, कारण तिथे भीती मोठ्यांच्या हातात असते. पुस्तकातली भीती मुलाच्या स्वतःच्या हातात असते. नकोशी झाली की ते पुस्तक मिटू शकते. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघ अडवतो, ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी आजीला चिकटून ऐकली आहे.

अर्थात लिहिणाऱ्याने पथ्य पाळलेच पाहिजे. बाळंतपणात दगावलेल्या बाईची हडळ होते, ही जुनी समजूत मुलांच्या गोष्टीत मुळीच येऊ नये. माझ्या गोष्टीतली हडळ हरवलेली चप्पल शोधत फिरते. आईवडिलांवर संकट नसावे, मूल रोज जिथे वावरते ती लिफ्ट किंवा शाळेचे स्वच्छतागृह नसावे आणि भीती एका बैठकीत संपावी. वाट चुकवणारा चकवा येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर भेटू शकतो, मुंजा पिंपळावर बसू शकतो. शेवटच्या पानावर मूल सुखरूप घरी पोहोचले म्हणजे झाले.

प्रकाशकांना आणि चित्रकारांना एक कळकळीची विनंती आहे. भुताचे पुस्तक म्हटले की काळ्या पानावर रक्त ओघळणारी, शिरोरेषा तुटलेली अक्षरे काढली जातात. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला मोठा फरक शिरोरेषेतल्या त्या छोट्या खंडाचाच असतो. जिथे तिथे रेषा तुटली, तर नव्या वाचकाने तो ओळखायचा कसा? आत पुन्हा ‘ब्रह्मराक्षस’, ‘स्मशान’, ‘निस्तब्ध’ असे शब्द पहिल्याच पानावर. मूल गोष्टीला घाबरावे, जोडाक्षरांना नव्हे. पांढरा कागद, ठळक साधी अक्षरे, पानावर दोन ओळी आणि थोडे लपवणारे चित्र एवढे पुरे.

मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या शहरात १८९३ पासून उभे आहे, तेथील वाचनालयांनी आणि शाळांनी अशा पुस्तकांसाठी एक खण राखावा. आपल्या मुलांच्या पानावरही आठवड्याला एक जोडाक्षरविरहित भयकथा मोठ्या टंकात छापावी, ही विनंती. परत आलेल्या वह्यांपैकी ‘वर खडखड’ ही सोबत पाठवत आहे. कसलीही अट न घालता ती छापण्यास माझी संमती आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ठाणे (पश्चिम)