मातीतले शिसे बांधावरच कळू द्या

मुळा-मुठेच्या पाण्यावर हवेली-दौंडमध्ये पिकणारी भाजी पुणेकरांच्या ताटात येते. त्या मातीत शिसे, क्रोमियम हे घातक धातू किती साठले आहेत, याचा अंदाज हातात मावणाऱ्या क्ष-किरण यंत्राने मिनिट-दोन मिनिटांत बांधावरच येतो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. हे दोन त्यांत नाहीतच! अर्थात या यंत्राला नत्र दिसत नाही, ओल्या मातीत आकडे कमी येतात आणि कळते ते मूलद्रव्याचे एकूण प्रमाण, पीक त्यातले किती शोषू शकते ते नव्हे. म्हणून प्रयोगशाळा हवीच. पण कृषी विभागाने निदान नदीकाठच्या गावांसाठी असे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस द्यावा; शंका येईल तेवढेच नमुने पुढे पाठवावेत.

— एक वाचक, मांजरी, पुणे