पूररेषेच्या आत राहणाऱ्यांची झोप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मान्सूनपूर्व तयारीच्या बैठकीची बातमी आपल्या अंकात वाचली. बोटी, लाईफ जॅकेट, वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ, पुराचा इशारा देणारे भोंगे, सगळ्याचा हिशेब त्यात आहे. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी अंगावर काढला, त्यांच्यापैकी पाऊस लागला की अजून कोणाकोणाला झोप येत नाही, हा प्रश्न मात्र बैठकीत कोणी विचारल्याचं दिसलं नाही. म्हणून हे पत्र.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, वर पोटमाळा. त्या दिवशी पहाटे पाणी आत आलं आणि बघता बघता जिना दिसेनासा झाला. सासूबाई आणि मी दिवसभर आणि पुढची रात्र माळ्यावर बसून काढली. वीज नाही, फोन बंद. खाली कपड्यांचं कपाट तरंगत होतं आणि पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर भिंतीवर आपटत होतं. रात्रभर तो धप्प धप्प आवाज. मग पाणी ओसरलं, चिखल उपसला, पंचनामा झाला. मशिनी, कापड, गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस, सगळं लिहून घेतलं. मदतही मिळाली, नाही म्हणणार नाही.

दुकान दिवाळीपर्यंत उभं राहिलं. मी नाही. पत्र्यावर पावसाचा जोर वाढला की छातीत धडधड, हाताला घाम. शेजारी कोणी शटर ओढलं तरी कात्री हातातून पडायची. ओल्या चिखलाचा वास आला की पोटात ढवळून यायचं. शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त व्हायला लागलं. सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, शेजारणीने दृष्ट काढली, ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गाऱ्हाण्याने निदान सासूबाईंना बरं वाटलं. गोळ्यांनी मला दिवसभर गुंगी यायची, आणि रात्री कपाट भिंतीवर आपटायचं ते आपटायचंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा त्रासावर बेंझोडायझेपीन जातीच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या, झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. हे मला फार उशिरा कळलं.

मनाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की आमच्याकडे एकदम रत्नागिरीचं मनोरुग्णालय डोळ्यापुढे येतं. 'हिला आता रत्नागिरीला न्या' अशी चेष्टा आमच्याकडे लहान पोरंसुद्धा करतात. त्यामुळे दुसराही पावसाळा तसाच गेला. शेवटी भाचीने हाताला धरून एका समुपदेशक ताईंकडे नेलं. त्यांनी तपासून पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात घर करून राहणारा त्रास, असल्याचं सांगितलं. आधी मला वाटलं, तिथे नुसतं रडायचं असेल. तसं नव्हतं. दर आठवड्याला ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि घरी करायचा अभ्यास. ज्या ज्या गोष्टी मी टाळत होते त्यांची एक उतरंड केली. सगळ्यात खाली रिमझिम पावसात खिडकी उघडी ठेवणं, मध्ये कुठेतरी पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकणं, सगळ्यात वर भर पावसात माळ्यावर एकटं बसणं. प्रत्येक पायरीला भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे आणि ते निम्म्यावर येईपर्यंत तिथून उठायचं नाही. त्या रात्रीची हकीकत डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, ती मोबाईलवर भरून घ्यायची आणि रोज घरी ऐकायची. पहिल्यांदा ऐकताना मी फोन पलंगावर फेकला होता. पुढे पुढे कपाटाचा भाग आला तरी भाजी निवडता निवडता ऐकू शकले. अशा उपचाराला साधारण आठ ते पंधरा बैठका लागतात. आयुष्यभर चालणारं प्रकरण नाही हे.

आता मुद्द्याचं. पुरानंतर समुपदेशनाची शिबिरं झाली. बॅनर, फोटो, केळी, बिस्किटं. आठ दिवसांत रांगेत उभं करून 'काय घडलं ते सांगा' म्हणायचं आणि पुन्हा फिरकायचं नाही, याने फायदा होत नाही हे तज्ज्ञच सांगतात. पहिल्या दिवसांत माणसाला अन्न, कोरडे कपडे, घरच्यांचा ठावठिकाणा आणि तो बोललाच तर ऐकणारं कोणी, एवढं पुरतं. बरेच जण आपोआप सावरतातही. जे महिन्यानंतरही सावरत नाहीत त्यांना शोधायला हवं, आणि ते अवघड नाही. पाच प्रश्न पुरतात: त्या प्रसंगाची स्वप्नं पडतात का, नको असताना तो आठवतो का? त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळता का? सारखे सावध असता, दचकता का? माणसांपासून, कामांपासून तुटल्यासारखं वाटतं का? स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहता का? आमच्या आशाताई घरोघरी जाऊन डासांच्या अळ्या बघतात, त्या हे पाच प्रश्न नक्की विचारू शकतील. ज्यांची तीन-चार उत्तरं 'हो' येतील त्यांना कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला वार आणि प्रत्येक वेळी तीच समुपदेशक मिळावी. दर खेपेला नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसणं हीच एक शिक्षा आहे.

हे मागणं हवेतलं नाही. आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराबद्दल राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिलाय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. पण उतरंडीच्या पायऱ्या चढायला मला तरी शेजारी माणूस लागलं, ते फोनवर झालं नसतं.

आणि ज्यांनी दोर टाकून, होड्या घालून लोकांना बाहेर काढलं त्या पोरांनाही हे पाच प्रश्न विचारा. त्यांचे सत्कार झाले, शाली मिळाल्या. त्यांच्यातला एक अजून वाशिष्ठीच्या पुलावरून जात नाही, लांबचा वळसा घेतो.

एक छोटी गोष्ट तर बिनखर्चाची आहे. भोंग्याची चाचणी घ्यायची तर आदल्या दिवशी रिक्षा फिरवून वेळ सांगा. मागे न सांगता वाजला तेव्हा समोरचा चहावाला उकळतं आधण तसंच टाकून गल्ल्यासकट जिना चढला होता. लोक हसले. मी हसले नाही, कारण तोवर मीही माळ्यावर पोचले होते.

पत्र छापलंत तर कृपया नाव गाळावं. मुलीसाठी स्थळं बघतोय.

आपली,
एक वाचक, चिपळूण