नानांच्या गुडघ्याची खबर

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर नानांच्या गुडघ्याचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी सांधा बदलला तेव्हा महिना-दीड महिन्यात नाना गोदाकाठी फिरायला लागले होते, आठवतंय ना? या उन्हाळ्यात तोच गुडघा सुजला. हात ठेवला तर भाजल्यासारखा गरम. आधी जिथे दाखवलं, तिथे काही न तपासता तीनदा अँटिबायोटिक बदलून दिलं. याचा राग माझ्या मनातून जात नाही. कारण पुढे गुडघ्यातलं पाणी कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला पाठवलं, तर त्यात काहीच वाढलं नाही. जंतू असले तरी गोळ्यांनी दबलेले! बोन स्कॅन उजळला, पण सांधा नुसता सैल झाला तरी तो स्कॅन उजळतो.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दोन आठवडे बंद ठेवल्या आणि यूबीआय स्कॅन सांगितला. आपल्या शरीरातच युबिक्विसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन असतं. त्याचा अवघ्या १३ अमिनो आम्लांचा तुकडा घेऊन त्याला किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम जोडतात. तुकड्यावर धन भार, जंतूच्या आवरणावर ऋण, म्हणून तो तिथे चिकटतो. इतके दिवस आपण सूज बघत होतो रे, जंतू नाही.

शिशाच्या जाड नळीतून सिरिंज आली. आत पाण्यासारखं काहीतरी, जेमतेम चमचाभर. अर्ध्या तासाने नाना कॅमेऱ्याखाली झोपले. पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला. डावा गुडघा काळाच राहिला, उजव्यात ठिपके दाटत गेले. मी नानांचा हात धरून उभा होतो.

नातीला त्या दिवशी मांडीवर घ्यायचं नव्हतं, तेवढं त्यांना जड गेलं. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे चोवीस तासांनी रुपयातला एक आणा उरतो.

जंतू कुठला, हे मात्र हा स्कॅन सांगत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०१४ साली एफडीएस नावाचा ट्रेसर, म्हणजे स्कॅनसाठी टोचायचा किरणोत्सारी पदार्थ मांडला. सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाच्या जातीचा; तो ई. कोलाय या जंतूच्या घराण्यातले जंतू उचलतात, आपल्या पेशी नाही. नाव नाही तरी कूळ कळतं. वाचून फार बरं वाटलं.

मंगळवारी ऑपरेशन आहे. जुना सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट बसवतील, नवा सांधा नंतर. काढलेल्या तुकड्यांवरून जंतू ठरेल. रात्री दवाखान्यात थांबायला येशील का? नाना तुझं ऐकतात.

तुझाच