घरगुती शाम्पूत पीएच तपासाच

मा. संपादक, स. न. वि. वि.

इंदुरात घरी शाम्पू करणाऱ्या मराठी भगिनींसाठी हे पत्र. डेसिल ग्लुकोसाइड हे ग्लुकोज आणि वनस्पतिजन्य फॅटी अल्कोहोलपासून बनणारे सौम्य फेसद्रव्य आहे. पण बाजारातल्या त्याच्या कच्च्या द्रावाचा पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप) ११ ते १२, म्हणजे फार अल्कधर्मी असतो. तो तसाच वापरला तर केस राठ होतात, डोळ्यांची आग होते. सौम्यतेच्या नावावर हे खपवू नये.

१०० ग्रॅमसाठी ७५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात अर्धा ग्रॅम सोडियम बेंझोएट (शाम्पू टिकवणारे द्रव्य) विरघळवा. एक ग्रॅम झॅन्थन गम (घट्टपणा आणणारा डिंक) तीन ग्रॅम ग्लिसरिनमध्ये कालवून त्यात घाला, नाहीतर गुठळ्या होतात. मग २० ग्रॅम डेसिल ग्लुकोसाइड, हलक्या हाताने. शेवटी सायट्रिक अॅसिडचे द्रावण थेंबाथेंबाने, पट्टीवर पीएच ५ येईपर्यंत. त्याहून वर बेंझोएट नीट काम करत नाही आणि बुरशी धरते. घट्टपणासाठी मीठ घालू नका. इथे त्याचा उपयोग होत नाही.

डेसिलऐवजी कोको ग्लुकोसाइड हे त्याच जातीचे फेसद्रव्य वापरत असाल तर आपल्या हिवाळ्यात ते गढुळते, गोठते. ते खराब झालेले नसते, बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

आपले,
सौंदर्यप्रसाधन-रसायनाचे अभ्यासक, इंदूर