मंत्रालयाच्या पासआधीचे चार तास

महोदय,

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो आणि मंत्रालयात सर्वसामान्यांना आत सोडतात ते दुपारी. मधला वेळ बहुतेक सोलापूरकर प्रतीक्षालयात डुलक्या काढत घालवतात, नाहीतर टॅक्सीने गेटवेला जाऊन येतात. सीएसएमटी ते मंत्रालय हे अंतर सरळ गेल्यास जेमतेम अडीच किलोमीटर, वळसे घेत गेल्यास साडेचार-पाच. राजधानीतल्या बहुतेक महत्त्वाच्या जुन्या वास्तू याच पट्ट्यात आहेत. फक्त सकाळी काय पाहायचे आणि संध्याकाळवर काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.

पहिली चूक स्टेशनातच होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूने गर्दीबरोबर बाहेर पडले की आपण पी. डिमेलो रस्त्यावर येतो आणि जागतिक वारसा यादीतली इमारत पाठीमागे राहते. त्यासाठी लोकलच्या फलाटांकडे चालत यावे. आधी सामान क्लोकरूममध्ये ठेवावे. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट दाखवावे लागते, म्हणून छोटे कुलूप सोलापुरातूनच न्यावे. स्वच्छतागृहही इथेच उरकावे, पुढे शोधाशोध होते. आणि बाहेर रिक्षा शोधत उभे राहू नये, दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत.

सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी ऊन इमारतीमागून येते, त्यामुळे फोटो काळा निघतो. तो संध्याकाळी काढावा. सकाळी फाटकाच्या दोन खांबांवरचे सिंह आणि वाघ तेवढे जवळून पाहावेत : सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. समोरच्या महापालिका इमारतीवर मात्र सकाळचे ऊन छान पडते. दोन्ही इमारती फ्रेडरिक स्टीव्हन्सच्याच. स्टेशन १८८७ चे, महापालिका १८९३ ची. आपली महापालिका इंद्रभुवनात बसते, त्यामुळे दगडी कोरीवकामाचे आपल्याला अप्रूप नाही, पण दोन तगड्या इमारती अशा समोरासमोर क्वचितच दिसतात. रस्ता भुयारी मार्गानेच ओलांडावा. आत फाटे बरेच आहेत. पाटी न वाचता वर आले तर भलत्याच कोपऱ्यावर निघतो.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला. इमारतींच्या खालून कमानींचा पदपथ जातो, उन्हापावसात त्यातूनच चालावे. साधारण किलोमीटरभराने हुतात्मा चौक. १८६४ चे फ्लोरा फाउंटन जिथे आहे, तिथेच पूर्वी किल्ल्याचे चर्चगेट होते. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, नाव पुढे स्टेशनला राहिले. बाळीवेस, तुळजापूर वेस ही नावे रोज तोंडी असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘फोर्ट’ म्हणतात त्या भागात फोर्ट का सापडत नाही, तेही इथेच कळते.

या चौकात घाई करू नये. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा विधिमंडळाकडे निघाला होता, तो इथे अडवून गोळीबार झाला. तेव्हाचे विधिमंडळ कुठे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रीगल चित्रपटगृहासमोरची, आज राज्य पोलिसांचे मुख्यालय असलेली इमारत म्हणजे ते जुने कौन्सिल हॉल. तीही स्टीव्हन्सचीच, १९८१ पर्यंत विधिमंडळ तिथेच भरत असे. चौकातून तिथपर्यंत रमतगमत चालायला पंधरा मिनिटेही पुरतात. मोर्चाला तेवढेच अंतर कापायचे होते. १९३१ मध्ये फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या गावातून, सोलापुरातून, आलेल्याने तरी ते पायी चालावे. बसच्या खिडकीतून ते अंतर समजत नाही.

त्याआधी वीर नरिमन रस्त्याने पूर्वेला पाच-सात मिनिटांवर हॉर्निमन सर्कल आहे. वाटेत १७१८ चे सेंट थॉमस कॅथेड्रल लागते. चर्चगेटमधले चर्च ते हेच. पुढे एशियाटिक सोसायटीचा १८३३ चा टाउन हॉल, आणि १८२२ पासून निघणाऱ्या ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत. वर्तमानपत्राच्या वाचकाने तिथे दोन मिनिटे थांबायला हरकत नाही. मग काळा घोडा. मूळ पुतळ्यावरचा स्वार सातवा एडवर्ड. तो घोड्यासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये बसवलेल्या नव्या घोड्यावर कोणीच नाही.

जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट ओळखीचा वाटेल. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. गेटवेही त्याचाच, १९२४ मध्ये खुला झालेला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश तुकडी त्याच कमानीतून गेली. इथे तपासणीची रांग असते, अर्धा तास हाताशी ठेवावा. संग्रहालय आतून पाहायचे तर वेगळा दिवस काढावा, तासाभरात उरकण्यात अर्थ नाही. रीगलपासून मादाम कामा रस्ता सरळ मंत्रालयाला जातो. पाय बोलायला लागले तर हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रोने विधान भवन स्थानक गाठता येते.

सोलापूरकर उन्हाला भीत नाही, आणि तिथेच फसतो. आपल्याकडे घाम लगेच वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही आणि दुपारपर्यंत पिंडऱ्यांत गोळे येतात. लिंबू-मीठ-साखरेचे लिटरभर पाणी बरोबर हवे. नव्या चपला तर नकोतच.

मंत्रालयातले काम झाले, किंवा नेहमीप्रमाणे ‘उद्या या’ ऐकले, की ओव्हल मैदान. मावळतीचे ऊन राजाबाई टॉवरवर पडते ते मैदानाच्या पश्चिम कडेवरून पाहावे. १८७८ मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ८५ मीटर उंच; पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचे. शेजारी उच्च न्यायालय. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली ती याच इमारतीत, आणि तिच्या निषेधात मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर होते. आपल्या पाठीमागची, मैदानाच्या पश्चिमेची गोल कोपऱ्यांची घरे आर्ट डेको शैलीतली. मैदानाच्या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

शाळांच्या सहलींनी मुलांचे दहा-बाराचे गट करावेत. एका सिग्नलला चाळीस मुले पलीकडे जात नाहीत. अर्धी अडकतात आणि शिक्षक मधोमध.

शेवटी सीएसएमटी, आता दिव्यांच्या उजेडासह. क्लोकरूमची पावती पाकिटात नीट ठेवावी, आणि गाडीच्या तासभर आधी रांगेत उभे राहावे, कारण परतीची सिद्धेश्वर पकडणाऱ्या सगळ्यांच्या बॅगा त्याच खोलीत असतात.

– एक वाचक, सोलापूर